चुली वेगळ्या करणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. निवडणुकीच्या गाडीवर बसून मतं मागणारा नव्हे. त्यांचं घराणं वेगळं. मी हातात धरायचा. मागे मूठ, मुठीत खटका, पुढे पसरट तोंड आणि खांद्याला अडकवायला पट्टा. ऐकू मला दोन्ही बाजूंनी येतं, पण मोठं करता येतं ते फक्त मागच्या बाजूचं. समोरचा माणूस कितीही खरं बोलला तरी ते माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. माझी घडणच तशी आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा एका कामगाराने माझ्यातून "हॅलो, हॅलो" एवढंच म्हटलं आणि मला पास केलं. काय बोलणार, कुणाशी बोलणार, याची परीक्षा नव्हती. तिथून मी एका मदतसंस्थेत रुजू झालो आणि ताईंच्या खांद्यावर आलो. ताई तेव्हा नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडल्या होत्या. जगाचं भलं करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी मजबूत बूट विकत घेतले होते.

पहिलं काम पुराचं. नदीने गावं धुऊन नेली होती आणि माणसं एका शाळेच्या मैदानावर तंबूत राहत होती. धान्य वाटायचं होतं. डोकी मोजायला गेलं की शेजारच्या तंबूतली पोरं उसनी आणली जात. एकच आजोबा सकाळी चार घरांचे आजोबा असत. तंबू मोजावेत तर एका तंबूत तीन कुटुंबं आणि दुसऱ्यात एक माणूस नि त्याची शेळी. रोज रांगेत मारामारी. ताई रडकुंडीला आल्या.

मग एका सकाळी त्यांना मैदानावर धूर दिसला. जिथे धूर तिथे चूल, जिथे चूल तिथे घर. पोरं उसनी आणता येतात, पेटती चूल कोण उसनी देणार? ताईंनी मला तोंडाशी धरलं आणि जाहीर केलं, "एक चूल, एक वाटा. उद्यापासून चुलीप्रमाणे धान्य मिळेल."

मित्रांनो, माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला होता.

रांग सरळ झाली. मारामारी थांबली. फक्त एक बाई पुढे आली. दोन जावांतली थोरली. तिच्या मागे धाकटी जाऊ, दोघींचे नवरे, पोरंबाळं आणि सगळ्यांच्या मागे सासू.

"ताई, आमची चूल एकच आहे," थोरली म्हणाली. "पण खाणारी तोंडं बघा की."

"नियम सगळ्यांना सारखा आहे," ताई म्हणाल्या, माझ्यातून. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईशी माझ्यातून बोलायची गरज नव्हती.

"म्हणजे एकत्र जेवतो म्हणून उपाशी राहायचं?"

ताईंनी खटका सोडून रांगेतल्या पुढच्याला हात केला. खटका सोडला की मी गप्प.

दुसऱ्या दिवशी तंबूच्या दोन टोकांना दोन चुली पेटल्या. दोन वाटे मिळाले. मग सासू कुठल्या चुलीत धरायची यावरून कुरबूर झाली, तेव्हा कुणीतरी शहाणपण सुचवलं आणि म्हातारीलाही तीन विटा मांडून दिल्या. तिसरा वाटा. आठवडा सरायच्या आत मैदानभर चुलीच चुली झाल्या. वरिष्ठ पाहणीला आले आणि धुरामुळे डोळे पुसत म्हणाले, "काय शिस्त आहे."

नियम सोपा होता, आणि सोप्या नियमाला बढती लवकर मिळते. त्याच्या मागोमाग ताईंनाही मिळाली. मुख्य कचेरीत त्यांना काचेची खोली मिळाली. तिथे त्या धोरणं लिहू लागल्या. चूल-पद्धत दुष्काळात गेली, भूकंपात गेली, जिथे लोक चुलीवर रांधतच नाहीत तिथेही गेली. ताईंनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि भाषणं द्यायला त्या विमानाने जात. मी सोबत असे, शोभेला. ताईंच्या घरी स्वयंपाक त्यांचा नवरा करी. तो म्हणायचा, "तुझी पद्धत इथे लावली तर सगळा वाटा माझा. तू रांगेत दिसू नकोस." ताई हसायच्या. मलाही ते तेव्हा गमतीचंच वाटलं.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ताईंनी कुठल्याच भाषणात सांगितली नाही. पुरानंतर वर्षभराने त्या एकदा त्या गावी गेल्या होत्या. मी खांद्यावर होतो. जावांचं घर पुन्हा उभं राहिलं होतं, छप्पर नवं होतं. स्वयंपाकघरात थोरलीची चूल होती. ओसरीवर धाकटीची. आणि बाहेर, भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली, म्हातारी आपली चूल फुंकत बसली होती.

"आता छावणी कुठे आहे?" ताईंनी विचारलं. "मग तीन चुली कशाला?"

धाकटी म्हणाली, "मोडायची कुणी, ताई? आधी जी मोडेल ती हरली."

"आणि तुम्ही, आजी?"

"मला काय," म्हातारी म्हणाली. "दोन्हीकडून विचारतात ना. आत विचारतात, ओसरीवर जेवलात ना? ओसरीवर विचारतात, आत जेवलात ना? मी म्हणते, हो."

ताईंनी फुंकणी हातात घेतली आणि थोडी फुंकून परत दिली. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "कसं आहे गाव?" ताई म्हणाल्या, "छान. घरं उभी राहिली." मला त्या वेळी वाटलं होतं, आपल्याला खटका नसता तर. पण मित्रांनो, ते मनातल्या मनात वाटलं. मनातल्या मनात वाटणाऱ्या गोष्टींवर माझी आणि ताईंची बरीच वर्षं निभली.

पुढे ताई शिकवायला लागल्या. त्यांच्या वर्गात मदतकार्याची धोरणं शिकायला तरुण मंडळी येतात. मी कपाटात असतो आणि वर्षातून एकदा टेबलावर येतो, चूल-पद्धतीच्या तासाला. ताई पूर सांगतात, उसनी पोरं सांगतात, वर्ग हसतो. मग धूर, मग सरळ झालेली रांग. गोष्ट तिथे थांबते. टाळ्या पडतात आणि मी परत कपाटात जातो.

यंदा त्याच तासाला ताईंचा फोन वाजला. पलीकडे त्यांचा जुना विद्यार्थी होता. वर्गात सारख्या शंका काढायचा म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. आता तो मदतखात्यात मोठा साहेब आहे आणि शंका मागे पडल्या आहेत. ताईंनी कौतुकाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मॅडम, इकडेही नदी फुगलीय. सगळ्या छावण्यांना तुमचीच पद्धत लावतोय. आज आदेश निघाला. म्हटलं, आशीर्वाद घ्यावा."

वर्ग टाळ्या वाजवणार होता. ताईंनी हात वर केला.

"आदेश मागे घे," त्या म्हणाल्या.

"मॅडम?"

"माणसं मोज. उसनी पोरं आली तर येऊ देत. पण चुली मोजू नकोस. चुली मोडत नाहीत नंतर."

"मॅडम, अहो तुमच्या पुस्तकात तर..."

"पुस्तकात मी गोष्ट अर्धी लिहिलीय." मग त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याला ते तीन चुलींचं घर सांगितलं. आवाज नेहमीचा नव्हता. वर्गात कुणी टिपून घेत नव्हतं.

शंकासुर म्हणाला, "माझी अडचण होईल. पण तुम्ही या. तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील."

माझ्यात नवे सेल घातले गेले. आम्ही छावणीत पोहोचलो तेव्हा आदेश आमच्याआधी पोहोचला होता. तंबूंच्या दोन्ही टोकांना धूर होता. ताईंनी मला उचललं आणि सांगितलं, "आता माणशी धान्य मिळेल. वेगळ्या चुलींची गरज नाही. चुली एकत्र करा."

कुणी हललं नाही. एक बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "परवा असाच भोंगा आला होता. तो म्हणाला वेगळ्या करा."

"तो माझा नव्हता," ताई म्हणाल्या.

"आवाज हाच होता." तिने विस्तव सारखा केला. "आज एकत्र करायच्या. उद्या परत बदललंत तर? आमचं भांडण तर होऊन गेलं, ताई. ते कुठं जमा करायचं?"

ताईंनी खटका सोडला, मला मातीत ठेवलं आणि तिच्या चुलीपाशी बसल्या.

"कशावरून झालं भांडण?"

"सासऱ्यांवरून."

"सांगा."

बाईने सांगायला सुरुवात केली. ते लांबलचक होतं, आणि त्यात ताईंच्या पद्धतीला दोन ठेवणीतल्या शिव्याही होत्या. शंकासुर गाडीपाशी उभा राहून घड्याळ बघत होता. मग त्याने बघणं सोडलं. दुपारी त्या बाईची नणंद आली, आपला टोप घेऊन, रागातच. तिने तो भावजयीच्या चुलीवर आदळला. एक चूल विझली. बाकीच्या तशाच पेटत्या होत्या. ताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पुढच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. मला तिथेच विसरून.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, ऊन लावा, सेल काढून ठेवा, हे मागायला मला तोंड नाही. एवढं मोठं असूनही नाही. एकच सांगतो. मला उचलून कुणाला नियम सांगाल, तर सांगून लगेच गाडीत बसू नका. ज्यांना सांगितला त्यांच्या घरी संध्याकाळी कोण कुठे जेवतं, ते बघेपर्यंत थांबा. त्या म्हातारीसाठी आम्ही थांबलो नव्हतो.

तेवढा वेळ नसेल, तर मला उचलूच नका.