आमच्याकडे कोणालाच नाही
गोरवा भागातल्या कारखान्यातून उन्मेष घरी यायचा तो थेट पलंगावर पडायचा. माझा नवरा अडतीस वर्षांचा, आणि जिना चढताना त्याला धाप लागायची. रक्त कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कॅन्सर कोणाला?" त्याच्याआधी सासूबाईच बोलल्या, "आमच्याकडे कोणालाच नाही हो." स्थळाकडची माणसं आली की लावायच्या तोच गोड आवाज. मग वर्षभर लोहाच्या गोळ्या.

मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ सापडली तोवर रोग यकृतात पोचला होता. गाठीचा रिपोर्ट बघून कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "पेशी वाढताना डीएनएमध्ये चुका होतात. त्या दुरुस्त करणारं प्रथिन या गाठीत नाहीच. एवढ्या तरुण वयात हे बहुतेक घराण्यातून येतं. आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर कोणाला होता?"

सासूबाईंनी पुन्हा तेच वाक्य सुरू केलं.

"आई," उन्मेष म्हणाला, "बाबा कशाने गेले?"

"काविळीने" म्हणता म्हणता त्या रडायला लागल्या. सासरे आतड्याच्या कॅन्सरने गेले होते, त्यांची बहीण गर्भाशयाच्या. उन्मेष तेव्हा शाळेत होता, त्याची मोठी बहीण नयना लग्नाची. "नयनाचं लग्न ठरत होतं. कोणी केली असती तिला?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आधी कळलं असतं तर दुर्बीण घालून वेळीच काही करता आलं असतं, असं डॉक्टर सांगत होते. आता अशा गाठींवर इंजेक्शनं आहेत, पण यकृत पार पोखरलंय, फार आशा धरू नका.

घरी आल्यावर उन्मेष म्हणाला, "ताईला आजच फोन कर. तिची तपासणी तरी वेळेत होऊ दे." भावनगरला दिलेल्या या मोठ्या बहिणीला सासूबाईंनी त्याचं दुखणं अल्सर म्हणून सांगितलं होतं.

मी गच्चीवर जाऊन फोन लावला.

"बोल योगिनी, मजामां?" ताईंनी गुजरातीत खुशाली विचारली.

मी सगळं सांगितलं.

"बाबांचं मला ठाऊक होतं गं," नयनाताई म्हणाल्या. "लग्नाआधी आईने शपथ घातली, हा विषय काढायचाच नाही, माहेरीसुद्धा. मी दरवर्षी गुपचूप अहमदाबादला जाऊन तपासून घेते. दोनदा बारीक गाठी काढल्या. मला वाटलं, मोठा झाल्यावर आईने उन्मेषलाही सांगितलं असेल."

मी खाली आले. तो वाट बघत होता.

"सांगितलंस?"

"हो. त्या नीट तपासून घेतात... घेतील."

कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

"चला," तो म्हणाला, "माझ्या आजारपणामुळे ताई तरी वाचली."

मी हो म्हणाले.