पाण्याच्या शिकारीला टिकेल अशी

नवशाआजाने दुनळी बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, खालच्या लोखंडी आकड्यात बोट अडकवून त्या हवेत लोंबत धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद उठला आणि कितीतरी वेळ विरेना. आजा मान तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“ही बरी हाय,” तो म्हणाला. “आता ती दे.”

दुसरीचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा निघाला.

“हिचा सांधा सुटलाय. नळ्यांच्या मधी पाणी शिरंल नि आतून गंज धरंल. ठेव.”

दुकानदार प्रफुल्लशेठने ती बंदूक निमूट बाजूला ठेवली. पालघरच्या बाजारातल्या या अरुंद दुकानात आजाच्या नातीला, रुचिताला, भिंतीवरची काळी चकचकीत बंदूक केव्हाची आवडली होती.

“आजा, ती बघ ना. कसली भारी दिसते.”

“दिसायला लग्नातला नवरापण भारी दिसतो,” आजा म्हणाला. “खाडीच्या खाजणात चिखलात पडली तर आतले बारके स्क्रू कोण शोधणार, तू?”

प्रफुल्लशेठ हसला. रुचिताही हसली, पण जरा उशिराच.

कारण नवी बंदूक घ्यायचीच नव्हती. हे प्रफुल्लशेठला ठाऊक होतं, तिच्या बाबांना ठाऊक होतं आणि तिला तर होतंच. गेल्या महिन्यात खाडीकाठच्या भातात अडई बदकांचा थवा उतरला. त्यांना उठवायला आजाने नेहमीसारखा हवेत बार काढायला बंदूक उचलली आणि ऐन वेळी त्याचा हात थरथरला. छर्रे गेले ते थेट शेताशेजारच्या कमळीकाकूच्या पाण्याच्या टाकीत. काकू टाकीमागेच भांडी घासत होती. तिला काही झालं नाही, पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. बंदूक घरातून जायला हवी, हे आजाला सांगायची मात्र त्यांची छाती होईना. बंदूक आजाच्या बापाची. मग बाबांनीच युक्ती काढली. नवी घेऊ म्हणून आजाला दुकानात न्यायचं, कागदपत्रांना वेळ लागेल म्हणून जुनी तिथेच ठेवायची आणि दिवस जाऊ द्यायचे.

“तुझंच ऐकंल तो,” बाबा तिला म्हणाले होते. “तालुक्याला वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग एवढं बोल.”

आणि ती बोलली होती. जुनीचं वजन, आजाचा खांदा, नव्या बंदुका कशा हलक्या असतात, सगळं मुद्देसूद. आजा ओटीवर बसून मन लावून ऐकत होता. शेवटी “बरं, जाऊ,” एवढंच म्हणाला. रुचिताला त्या दिवशी स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

आता तिला तो आठवायलाही नको वाटत होता. आजा एकेका बंदुकीपाशी असा थांबत होता, जणू त्याला घरची सून बघायची होती. दस्ता जिथे मुठीत येतो तिथे लाकडाची रेघ सरळ जाते का, ते त्याने नखाने तपासलं. बंदूक मिटून कानाशी हलवली. नळी दाराकडे धरून आतून पाहिली आणि मग तिच्या हातात दिली.

“काय दिसतं?”

“गोल गोल उजेड.”

“गोल सगळे नीट हायत? कुठं वाकडा नाय?”

तिने पुन्हा पाहिलं. “एक जरा चेपलाय. तिकडच्या टोकाला.”

“मग तिथं नळीला पोचा हाय,” आजा म्हणाला आणि प्रफुल्लशेठकडे असं बघितलं, जणू नात आत्ताच बोर्डात आली.

“पण आजा, आता बदकं मारली तर तुरुंगात टाकतील.”

“मारायची कोणाला हायत? ती बंदी आली तवा तुझा बाप जन्मलापण नव्हता. पण बंदूक घ्यायची ती पाण्याच्या शिकारीला टिकंल अशीच. खारी हवा, चिखल, दव, सगळं सोसलं पायजे. जी तिथं टिकली ती कुठंपण टिकते.”

शेवटी त्याने एक निवडली. जुन्या धाटणीची, बाहेर घोडे असलेली, दिसायला अगदी साधी. प्रफुल्लशेठने घसा साफ केला.

“पसंती चांगली हाय, काका. पण कागदपत्रांना चार-सहा महिने जातील. तवर तुमची जुनी इथंच राहू द्या.”

आजाने मान हलवली आणि आपल्या बंदुकीच्या कॅनव्हासच्या खोळीचे बंद सोडायला लागला. गाठ सुटेना. रुचिताने पुढे होऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

“आजा, थांब.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “यातली एकपण आपण घेणार नाय. बाबांनी सांगितलं तसं मी बोलले. तुझी बंदूक इथं सोडायची नि घरी जायचं, एवढंच ठरलेलं.”

प्रफुल्लशेठ काउंटरवरचा कपडा झटकू लागला.

आजाने गाठ तशीच ठेवली. सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि काउंटरवर सरकवला. प्रफुल्लशेठने चष्मा लावला.

“परवाना परत करायचा अर्ज हाय हा,” तो हळूच म्हणाला. “कोळगावच्या कलेक्टर कचेरीचा शिक्का. गेल्या मंगळवारचा.”

“रिक्षानं जाऊन आलो,” आजा म्हणाला. “बार सुटल्यावर टाकीमागनं उठलेली कमळी मीपण बघितली होती.”

रुचिताने अर्जावरचा शिक्का वाकून बघितला.

“मग एवढा वेळ निवडत कशाला बसलास?”

आजाने निवडलेल्या बंदुकीवरून एकदा तळवा फिरवला.

“पन्नास वर्षांत पयल्यांदा कोणीतरी म्हटलं, आजा, चल, नवी घेऊ. नाय कसा म्हणू?”

प्रफुल्लशेठने जुनी बंदूक ठेवून घेतली आणि पावती लिहिली. आजाने ती न वाचताच घडी घालून रुचिताकडे दिली. दोघं बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिली. आजाचा खांदा रिकामा होता, तरी तो सवयीने एका बाजूला झुकूनच उभा होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा होते.

“झालं का गं?”

“झालं. ठेवली.”

पलीकडे बाबांनी श्वास सोडलेला तिला ऐकू आला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “कळलं तर नाय ना त्याला?”

तिने आजाकडे पाहिलं. आजाने ओठ न हलवता मान जराशी आडवी हलवली.

“नाय बाबा,” ती म्हणाली. “काहीच नाय कळलं.”