लोणच्याच्या बरणीतलं अंडं

माझ्या नातीनं, संबोधीनं, निघताना बजावलं होतं, "आजोबा, म्यूझियममध्ये आज नोकरीचा पहिला दिवस आहे माझा. प्लीज, तिथं येऊन थापा मारू नका."

भूशास्त्राच्या त्या म्यूझियमनं लोकांना घरचे दगड तपासून घ्यायला बोलावलं होतं. मी बायकोच्या बरणीतला, लोणचं दाबायचा गोल दगड धुतला आणि राजेंद्र नगरहून निघालो. पण रांगेत गप्प उभं राहणं मला जमत नाही, भिया! शेजारच्याला म्हटलं, "डायनासोरचं अंडं आहे. आमचे पणजोबा महूच्या पलटणीत होते. त्यांनी मादीच्या बुडाखालून काढलं. चावली बिचारी."

"सच्ची?"

"तर! हात लावा, अजून कोमट लागतं."

बघता बघता रांग मोडली. लोक मोबाइल काढून माझ्याभोवती जमले आणि संबोधीच्या टेबलापाशी कुणीच उरलं नाही. गलका ऐकून मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी दगड उलटसुलट करून नाकाशी नेला.

"काका, याला मेथी-हिंगाचा वास येतोय. बेसाल्ट आहे हा, लाव्हाचा दगड. नदीत घासून गोल झालाय."

लोक खदखदून हसले. मीही हसलो असतो, पण मॅडमनी मागं वळून विचारलं, "कोण आहेत हे? कुणाबरोबर आलेत?"

मी संबोधीकडे पाहिलं. मनात म्हटलं, पोरी, ओळखत नाही म्हण. आज तूही एक थाप मार.

ती खाली मान घालून म्हणाली, "माझे आजोबा आहेत, मॅडम."

दगड परत घ्यायला मी हात पुढे केला, पण मान काही वर होईना.