तोंड उगवतीला

रत्नागिरीतली ती ख्रिस्ती मंडळी होती तरी केवढी? सगळी मिळून एका एसटीत बसली असती आणि वर कंडक्टरला पाय पसरायला जागा उरली असती. पण चालीरीती मात्र राजाच्या. ईस्टरच्या दिवशी उजाडायच्या आत सगळ्यांनी कातळावरच्या कबरस्तानात जमायचं, मेणबत्त्या पेटवायच्या, एकेका घराने आपापल्या माणसाच्या कबरीशी उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात नाव घ्यायचं. "याकोब!" की सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "उठेल!" "सगुणाबाई!" "उठेल!" मरणाला त्याच्याच दारात जाऊन सुनवायचं, असा तो प्रकार. खालच्या वाडीतली कुत्रीसुद्धा त्या आवाजाने जागी व्हायची.

नियम एकच, नाव कबरीशी उभं राहूनच घ्यायचं. तो नियम सांभाळायला काशीराम मास्तर होते. निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सगळ्यात वडील पंच. पाळकसाहेब वयाने लहान, ते मास्तरांच्या चष्म्याकडे बघूनच बोलायचे.

आणि मालिनीच्या नवऱ्याला, भास्करला, कबरच नव्हती.

भास्कर मुसा तांडेलाच्या लाँचवर इंजिनाचं बघायचा. सन दोन हजारात, नारळीपौर्णिमा होऊन होड्या नुकत्या दर्यात गेल्या होत्या, तेव्हा एकाएकी वादळ उठलं. जाळं पंख्यात अडकलं, इंजिन बंद पडलं, भास्कर ते सोडवायला मागे वाकला आणि एका लाटेने त्याला उचलून नेलं. बाकीचे सगळे परत आले. मुसाने शोधायचं काही बाकी ठेवलं नाही, पण दर्याने भास्करची चप्पलसुद्धा दिली नाही.

मुसा ही बातमी घेऊन आला तेव्हा भास्करच्या आईने, गोदूबाईने, त्याच्या अंगावर केरसुणी फेकली. "मेल्या मुसा, जीभ झडो तुझी! माझा पोर पोहणारा हाय. कुठल्यातरी बोटीने उचलला असंल, दुबईला नेला असंल. येईल तो!" मुसा बिचारा केरसुणी उचलून कोपऱ्यात ठेवून गेला. त्या दिवसापासून गोदूबाई दाराला कडी लावू देईना. भास्कर कधीही आला तर त्याला दार वाजवत उभं राहायला नको, म्हणून. चोर येवो, मांजर येवो, कडी लावायची नाही.

मालिनी दवाखान्यात नर्स. मरण तिने इतकं जवळून बघितलं होतं की त्याची तिला भीती नव्हती, चीड होती. ती सासूला सरळ सांगायची, "आई, भास्कर मेला. आणि तो येणार आहे. दोन्ही खरं आहे."

"मेला तर येतोय कसा? आणि येणार हाय तर मेला कसा?" गोदूबाई फणकारायची. जन्माची ख्रिस्ती बाई, दर रविवारी देवळात पुढच्या बाकावर. पण पोटचं गेलं की शिकलेलं सगळं बाजूला राहतं, त्याला कोण काय करणार!

पहिल्या ईस्टरला मालिनी मेणबत्ती घेऊन कबरस्तानाच्या दगडी गडग्याशी उभी राहिली. सगळी नावं झाली. मग तिने छाती भरून घेतली आणि हाक दिली, "भास्कर!"

मंडळी तोंड उघडणार तोच मास्तरांनी हात वर केला. "कबर?" एवढंच विचारलं त्यांनी. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कोणीतरी घाईघाईने गीत सुरू केलं. मालिनीने मेणबत्ती विझवली आणि तशीच ड्यूटीवर गेली. दिवसभरात ज्यांना इंजेक्शनं टोचली त्यांनी सांगितलं की आज बाईंचा हात जड आहे.

तिला काय हवं होतं? फार नाही. बाकीच्यांच्या माणसांसारखं तिच्या माणसाचं नाव घेतलं जावं आणि सगळ्यांनी म्हणावं, उठेल. बाजारात माणसं म्हणायची, भास्करला दर्याने खाल्ला. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खाल्ला म्हणे! दर्या काय मालक लागून गेला?

पुढच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासकाळात, ती पंचांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"मला भास्करसाठी कबर हवी. जागा आहे. खोदायला केरू तयार आहे." केरू चिरेखाणीवर कामाला होता आणि मंडळीच्या कबरीही तोच काढायचा. तिथल्या जांभ्या दगडात कबर काढणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे.

"आत काय ठेवणार?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग ती खोटी कबर झाली, मालिनी. जे मातीत नाही ते आहे म्हणून दगड लावायचा? देवासमोर खोटं बोलायचं?"

"मास्तर, आपला सगळा धर्म एका रिकाम्या कबरीवर उभा आहे, आणि तुम्ही मला रिकामी कबर चालत नाही म्हणून सांगताय?"

पाळकसाहेबांच्या तोंडून "वा!" निघता निघता राहिलं. पण मास्तर कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"ती रिकामी झाली," ते शांतपणे म्हणाले. "आधी तिच्यात ठेवलेलं होतं. तुझी कधी भरलीच नाही."

हे मालिनीच्या फार जिव्हारी लागलं, ती तशीच बाहेर पडली. घरी आली तर गोदूबाईने वरून मीठ चोळलं. "बरं झालं नाय म्हणाले. जित्या माणसाची कबर काढायला निघालीस! लाज नाय वाटत?" एकीकडे मास्तर म्हणत होते कबर नाही, दुसरीकडे सासू म्हणत होती मेलाच नाही. भास्करला मेल्यांतही जागा नाही आणि जित्यांतही नाही. मालिनी मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे कबरस्तान झाडायला जमतात. मालिनी गेली. आपली कबर नसली म्हणून काय झालं, झाडू तर होता! मास्तर आपल्या बायकोच्या कबरीशी होते. एस्तेरबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मास्तर रोज संध्याकाळी तिथे जायचे. चारी बाजूंनी लोखंडी कठडा, वर जाडजूड लादी, कठड्याला दार, दाराला कुलूप. आत्ता ते कठड्याला रंग देत होते.

"मास्तर," मालिनी म्हणाली, कारण तिच्या पोटात राग होताच, "हे कुलूप कोणासाठी? बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून, की बाईंनी बाहेर येऊ नये म्हणून?"

मास्तरांचा ब्रश थांबला. क्षणभर ते हेडमास्तर दिसेचनात, नुसता एकटा पडलेला म्हातारा दिसला. पण लगेच त्यांनी चष्मा सारखा केला. "उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, सगळं रीतीने केलंय. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की उठून उभं राहायचं ते तोंड उगवतीला करून. तुला रविवारच्या शाळेत मीच शिकवलंय हे."

शिकवलं होतं. मालिनीला लहानपणापासून पाठ होतं. पण तिने मान वर केली तर गडग्यापलीकडे, कातळ संपतो तिथे, खाली दर्या चमकत होता, थेट पश्चिमेला. ती दर्याकडे बघत राहिली, मग मागे उगवतीकडे बघितलं, मग पुन्हा दर्याकडे. आणि काय झालं कोण जाणे, दीड वर्षात पहिल्यांदा ती खळखळून हसली.

"मास्तर, उद्या तुमची नावं झाली की खाली मांडवीच्या किनाऱ्यावर या. भास्करचं नाव मी तिथे घेणार आहे."

"तिथे कुठे कबर आहे?"

"या तर खरं. दाखवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने गोदूबाईला उठवलं. म्हातारी आधीच लुगडं नेसून बसली होती.

"मी काय नाव घ्यायला येत नाय," तिने बजावलं. "तू घेऊ नयेस म्हणून येतेय. तोंडावर हात ठेवीन तुझ्या."

"ठेवा. पण चला."

मांडवीला ओहोटी होती. काळी वाळू ओली, वारा गार. मुसा तांडेल तिथे आधीच येऊन उभा होता, मालिनीने त्याला बोलावलं होतं. गोदूबाईने तोंड फिरवलं, पण हातात केरसुणी नव्हती हे त्याचं नशीब.

"मुसाभाय, नक्की कुठे?" मालिनीने विचारलं.

मुसाने हात लांब केला. "थेट समोर, वहिनी. किनारा दिसत होता तिथून." मग जरा घुटमळून म्हणाला, "आमच्यात सांगतात, कयामतीला दर्यालापण सगळे परत द्यावे लागतील. एकूण एक. त्याची काय बिशाद ठेवून घ्यायची!"

"आमच्यातही तेच सांगतात," मालिनी म्हणाली. गोदूबाई ऐकत होती.

जरा वेळाने घाटीवरून मेणबत्त्या उतरताना दिसल्या. सगळी मंडळी आली होती. काही मालिनीवरच्या मायेने आली, काही, खरं सांगायचं तर, भांडण बघायला. कोकणात भांडण म्हटलं की माणूस चहा टाकून निघतो. वाऱ्याने निम्म्या मेणबत्त्या विझल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे काशीराम मास्तर, धापा टाकत.

"मालिनी, हा काय तमाशा मांडलायस? दाखव तुझी कबर!"

"मास्तर, उठणारा कुणीकडे तोंड करून उठतो?"

"पूर्वेला. काल सांगितलं की."

"मग आता इथे या. माझ्या शेजारी. आणि बघा."

मास्तर आले. समोर सगळा दर्या, कुठे अंत नाही. पाठीमागे गाव, घरं, माड, आणि त्यामागे आभाळ तांबूस व्हायला लागलेलं.

"तो तिकडे आहे," मालिनी म्हणाली आणि तिचा आवाज चढत गेला. "आपण त्याच्या पूर्वेला उभे आहोत. तुमच्या कबरस्तानात उठणारे उठतील ते डोंगराकडे बघत. माझा भास्कर उठेल तो आमच्याकडे बघत! घराकडे तोंड करून! आईकडे तोंड करून! दर्याने खाल्ला म्हणतात मेले. दर्या काय खातो? दर्याकडे ठेवायला दिलाय तो, आणि ज्या दिवशी मागणं येईल त्या दिवशी निमूट आणून द्यावा लागेल. याच्याहून चांगली कबर तुमच्या कातळावर आहे का एक तरी? आणि मास्तर, तुम्ही रोज एस्तेरबाईंच्या उशाशी उभे राहता. त्या उठल्या तर तुम्हाला पाठमोऱ्या दिसतील! पायथ्याशी उभे राहा. तोंड बघायचंय ना बायकोचं?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. समोर बघत राहिले.

"कबर आहे," ते शेवटी म्हणाले. "जरा मोठी आहे. पण आहे." आणि मंडळीकडे वळून त्यांनी शाळेत द्यायचे तसा हुकूम दिला, "सगळे सरळ उभे राहा. तोंडं दर्याकडे. मालिनी, घे नाव."

मालिनीने छाती भरून घेतली. तेवढ्यात तिच्या तोंडावर खरोखरच हात आला, गोदूबाईचा, खरबरीत आणि थंडगार. झालं! मालिनीला वाटलं, हातातोंडाशी आलेलं म्हातारीने घालवलं.

"थांब गो," गोदूबाई म्हणाली. "माझ्याकडं बघत उठंल म्हणालीस ना?"

मालिनीने मान हलवली.

"मग आवशीने हाक मारायची."

म्हातारी पुढे झाली. घोट्यापर्यंत पाण्यात गेली, लुगडं भिजलं त्याची तिला शुद्ध नव्हती. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तिने हाक मारली ती देवळातल्यासारखी नाही, तर पोर खेळायला गेलेलं, जेवण थंड होतंय, आई रागावली आहे, तशी.

"भास्करा! ए भास्करा!"

"उठेल!" मंडळी ओरडली. एवढीशी मंडळी, पण आवाज असा की माडावरचे कावळे उडाले. सगळ्यात मोठा आवाज मुसा तांडेलाचा होता, कारण वाऱ्यावर ओरडायची सवय त्यालाच. गोदूबाई परत ओरडली. मंडळी परत म्हणाली, "उठेल!" तिसऱ्यांदा ओरडताना तिचा आवाज फुटला आणि दीड वर्षं अडवून धरलेलं रडं तिथे बाहेर आलं. मालिनीने तिला मागून धरलं. दोघी रडत होत्या आणि दर्याकडे बघून दोघींच्या मुठी वळलेल्या होत्या.

तेव्हापासून दर ईस्टरला ती मंडळी आधी कातळावर जाते आणि मग मांडवीला उतरते. मास्तरांनी पुढच्याच आठवड्यात कठड्याची पूर्वेकडची बाजू केरूकडून कापून घेतली. कोणी विचारलं तर गंजली होती म्हणून सांगायचे. नुकताच रंग दिलेलं लोखंड आठ दिवसांत कसं गंजलं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्या ईस्टरच्या संध्याकाळी मालिनीने जेवणं उरकली, दार लोटून घेतलं आणि रोजच्यासारखं तसंच सोडून ती अंथरुणं घालायला वळली.

"मालने," गोदूबाई म्हणाली, "कडी लाव."

मालिनीने वळून बघितलं. "आई?"

"लाव म्हणते ना. तो यायचा त्या दिवशी कडीने अडायचा हाय काय?"