दुपारचा फोन

“अहो, उचलत नाहीये ती!”

“उचलणार कशी? एंगेज लागतोय!”

लागणारच. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या आभाला मी स्वयंपाकघरातून फोन लावत होते, हे हॉलमधून, आणि कॉलेज रोडवरून माझी बहीण यशश्री. तिला मीच कळवलं होतं.

कारण काय, तर भर दुपारी आभाचा मिस्ड कॉल. तिचा फोन रोज रात्री जेवणानंतर यायचा. दुपारी आलेला एकच फोन मला आठवतो, सासरे गेल्याचा. तेव्हापासून दुपारी रिंग वाजली की तोंडून ‘अरे देवा’च निघतं.

“मी निघतो पुण्याला,” हे म्हणाले.

“अहो, पण झालंय काय?”

“ते कळायची वाट बघत बसू?”

पुण्याच्या टॅक्सीसाठी हे गावातल्या द्वारका चौकाकडे निघाले, ते एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घालून. मला हसूसुद्धा आलं नाही. बातम्यांतले सगळे अपघात डोळ्यांसमोर नाचत होते.

हे गेले आणि फोन वाजला. आभाच!

“काही नाही गं आई, सहज केला होता.”

“सहज? दुपारी? अगं, जीव जायची वेळ आली आमच्यावर! बाबा द्वारकेला पळालेत!”

तिचा नुसता श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा.

“आभा?”

“ऑफिसच्या जिन्यात बसलेय. सकाळी माझ्या शेजारच्या दोघींना काढून टाकलं. मला नाही काढलं गं. तरी छाती धडधडतेय, हात थरथरतायत. मागच्या महिन्यातही झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट चांगलंय, ही घबराट आहे.”

“अगं, मग सांगायचं नाही का!”

“तुम्हाला सांगितलं की तुम्हालाच सांभाळत बसावं लागतं.”

कानाखाली बसल्यासारखं झालं. रागही आला, रडूही आलं. ‘अरे देवा’ ओठांवर आलं होतं, ते गिळलं. अर्धवट निवडलेल्या मेथीची परात पुढ्यात ओढली.

“काय करतेयस?” तिने विचारलं.

“मेथी निवडतेय.”

“निवड. बोलू नकोस. फोन ठेवू नकोस.”

स्पीकर लावून फोन परातीशेजारी ठेवला. मी पानं खुडत राहिले. मध्येच स्क्रीनवर ह्यांचं नाव आलं. गेलं, पुन्हा आलं. सवयीने बोट पुढे गेलं, ते मागे घेतलं.

बऱ्याच वेळाने तिचा श्वास जरा संथ झाला.

“सोबत भाकरी करणारेस?”

“हो.”

“अजून थोडा वेळ निवड.”

जुडी केव्हाच संपली होती. मी निवडलेली पानं पुन्हा निवडायला घेतली.