मवाबचा काळा वरवंटा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे, यहूदा देशातल्या तकोवा गावच्या नोअतचा. तिने मला शेवटचे हातात धरले, त्या दिवशी जवाचे पीठ करायचे होते, एवढेच.

शेजारची सेरह टोपली घेऊन आली. "मवाबीण, तुझं झालं की पाटा-वरवंटा मला दे गं. माझ्या दगडाची कच भाकरीत उतरते."

"ने की! तुमच्या यहूदाच्या दगडाची भाकरी खायची, तर भुकेआधी दातच संपतील."

"दगड गुणाचा आहे, तोंडच तेवढं आवर," सेरह हसली.

नोअतची लेक हग्ला जव निवडत होती. ती हसली नाही. तिच्या ओठांवर काहीतरी आले आणि मागे गेले. असे मी वर्षानुवर्षे पाहत होतो.

क्षार समुद्रापलीकडच्या मवाबात मला घडवले. नोअत लग्न होऊन इकडे आली, तेव्हा गाढवाच्या एका बाजूला मी आणि पाटा, दुसऱ्या बाजूला तिचे कपडे होते. गावाने माझे कौतुक लवकर केले. तिचे नाव मात्र मवाबीणच राहिले.

हग्ला बारा वर्षांची असताना विहिरीवर परगावच्या मुलींनी नोअतकडे बोट दाखवून तिला विचारले, "ही कोण?"

"आमच्याकडे दळायला असते," हग्ला म्हणाली.

नोअत मागेच घागर भरत होती. घरी येऊन तिने रोजच्याएवढेच पीठ केले. फक्त त्या दिवशी तिचा भार माझ्यावर जास्त पडला. ती याबद्दल कधीच बोलली नाही. हग्लाही नाही.

जव दळले त्याच्या दुसऱ्या सकाळी नोअत उठली नाही.

दुखवट्याचे सात दिवस शेजारणींनी भाकरी आणून दिली. मी कोपऱ्यात पडून होतो. मित्रांनो, दगड वापरून गुळगुळीत होतो, मग धान्य नुसते घसरते. त्याला वेळेवर टाकी लावून पुन्हा खडबडीत करावे लागते. उशीर करू नका.

आठव्या दिवशी हग्ला मला टाकी लावायला बसली. सेरहची कालच परगावाहून आलेली नवी सून टोपली घेऊन दारात आली.

"सासूबाई म्हणाल्या, हा दगड एका मवाबी बाईचा. तुमच्याकडे कामाला होती का, ताई?"

टाकी थांबली. हग्लाने मला मांडीवर घेतले.

"नाही गं. मी एकदा विहिरीवर तसं सांगितलं होतं, तिच्यादेखत." मग ती अंगणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "नोअत तिचं नाव. माझी आई होती ती."