एका ओळीत लिहिणार नाही

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, आणि मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायला मला काडीची लाज वाटत नाही. इस्पितळाच्या औषधभांडारात, खिडकीजवळच्या संगणकात मी राहतो. औषधांच्या नोंदी वाचायच्या आणि त्यांवरून वॉर्डांतल्या पडद्यांवर दिसणारी पाने तयार करायची, हे माझे काम. कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला कोणते औषध, किती आणि केव्हा, शिवाय कोणाला कोणते औषध मुळीच द्यायचे नाही, हे सगळे त्या पानांवर असते.

पडद्यावर तुम्हाला नुसता तक्ता दिसतो. पण त्याच्या मागे एक मजकूर असतो, त्याला एचटीएमएल म्हणतात. इथे तक्ता सुरू, इथे नोंद सुरू, इथे नोंद संपली, अशा खुणांनी तो भरलेला असतो. त्या खुणांना टॅग म्हणतात. तो मजकूर मी लिहितो, आणि असा लिहितो की माणसालाही तो वाचता यावा. माझ्या आयुष्यातली सगळी भांडणे या एका सवयीवरून झाली.

मला घडवले एका नणंदेने. औषधभांडार सांभाळणाऱ्या बाईंची ती धाकटी नणंद. प्रोग्रॅम लिहिणे हा तिचा पेशा. ती बाईंना वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. नणंद-भावजयींचे पटत नाही असे लोक म्हणतात. या दोघींचेही पटत नव्हते, पण ते फक्त माझ्यावरून.

पहिल्या दिवशी मी सगळे पान एका सलग ओळीत लिहिले. यंत्राला तेच सोपे जाते. वहिनींनी तो मजकूर कागदावर छापून घेतला, चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे काय गं, मुंग्यांची रांग? यात पाचवी खाट कुठे संपते ते तू तरी दाखव."

"वहिनी, पडद्यावर नीट दिसतंय ना? मागचं कशाला वाचायचं?"

"स्वयंपाक ताटात छानच दिसतो. मला ओट्यावर काय चाललंय ते बघायचंय."

नणंदेने तोंड वाकडे केले आणि मला मोजायला शिकवले. एखादा टॅग उघडला की मी मनातला आकडा एकाने वाढवतो, तो मिटला की एकाने कमी करतो. जेवढा आकडा, त्याच्या दुप्पट मोकळ्या जागा सोडून नवी ओळ सुरू करतो. त्यामुळे तक्त्याच्या पोटात नोंद आणि नोंदीच्या पोटात औषध, असे सगळे पायरीपायरीने आत सरकलेले दिसते. जो टॅग ज्या जागी उघडला, तो बरोबर त्याच जागेखाली मिटतो. वहिनी रोज सकाळी कागदावर फूटपट्टी उभी धरायच्या आणि वरून खाली सरकत जायच्या. उघडलेले प्रत्येक दार पट्टीच्या कडेला मिटलेले दिसले की बरोबरची खूण. तेव्हा सतरा वर्षे नोकरी झालेल्या या बाईंना प्रोग्रॅमचा एक शब्द येत नव्हता, पण माझी चूक त्या चहा थंड व्हायच्या आत पकडायच्या.

माझ्या चुका झाल्या, नाही म्हणत नाही. नव्या उत्साहात मी दिसेल ते तोडून खालच्या ओळीत टाकायचो. औषधाच्या नावाचे पहिले अक्षर ठळक करायची तेव्हा पद्धत होती. ते अक्षर मी एका ओळीवर आणि उरलेले नाव दुसऱ्या ओळीवर ठेवले. पडद्यावर दोघांच्या मधे फट पडली आणि वॉर्डातली नर्स विचारायला आली, की हे कुठले नवे औषध. त्या दिवशी नणंदेने माझी चांगलीच हजेरी घेतली. टॅग हवे तेवढे हलव, पण शब्दाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मी तेव्हा शिकलो आणि पुन्हा कधी विसरलो नाही.

अशी नऊ वर्षे गेली. बाहेरगावचे लोकही माझी पाने पाहून जायचे. मग संगणक विभागाला नवे साहेब आले. हुशार माणूस, कामाला वाघ, पण वाचायला वेळ नाही. माझे पान उघडून ते हसलेच.

"यात निम्म्या तर मोकळ्या जागा आहेत. ब्राउझरला त्यांचा काही उपयोग नाही. पान उगाच जड होतं."

"ब्राउझरला नसेल, मला आहे," वहिनी म्हणाल्या.

"बाई, हे माणसांनी वाचायचं नसतंच."

झाले. साहेबांनी माझ्यातली एक कळ फिरवली आणि मी पुन्हा एका ओळीत लिहू लागलो. पान थोडे हलके झाले, हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. पण मित्रांनो, मनातला आकडा मी मोजतच राहिलो. मोकळ्या जागा सोडायला मला बंदी होती, मोजायला नव्हती. वहिनींनी फूटपट्टी खणात टाकली. छापलेला कागद त्या दोन-तीनदा डोळ्यांपुढे धरायच्या, आणि पुढे पुढे तेही सोडून दिले.

एके दिवशी बाराव्या खाटेवर एक सुतार होते. एका विशिष्ट इंजेक्शनाने त्यांचा घसा सुजायचा, श्वास अडायचा. वहिनींनी त्याच सकाळी आल्या आल्या तशी नोंद केली होती, हे औषध देऊ नये. सकाळी सातला मी ती पानावर लिहिली. अक्षरन् अक्षर लिहिली. तरी दहा वाजता वॉर्डाच्या पडद्यावर ती नव्हती. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन सांगितले, नर्सने भरलेही. सुतार बोलके म्हणून वाचले.

"सिस्टर, यात ते नाही ना? मागे त्यानं माझा जीव जाता जाता राहिला होता."

नर्सचा हात थांबला. अर्ध्या तासात मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे उभे होते. साहेब म्हणाले, पडद्यावर नाही म्हणजे पानात नाही, आणि पानात नाही म्हणजे नोंद केलीच नव्हती. वहिनींनी नोंद दाखवली. तिच्यावर तारीख होती, वेळ नव्हती.

"नंतर घातली असेल," साहेब म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आले.

वहिनींचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांत त्यांना कोणी खोटे म्हटले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाई, दुपारपर्यंत काही दाखवता आलं तर दाखवा. नाहीतर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल."

वहिनींनी सकाळचे पान छापून मागितले. बारा कागद निघाले, कडेपासून कडेपर्यंत काळे, मधे कुठे श्वास घ्यायला जागा नाही. त्यांनी खणातून पट्टी काढली, पण ती टेकवणार कुठे? मला त्या वेळी फार राग आला. ती नोंद त्याच कागदांत होती, मी स्वतः लिहिली होती आणि मला ओरडून सांगता येत नव्हते.

त्यांनी नणंदेला फोन लावला. ती भर उन्हात, हातात हेल्मेट तसेच घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, आधी पाणी पी. रडायचं असेल तर घरी रडू, दोघी मिळून." मग माझ्यापुढे बसली. तिने कळ उलटी फिरवली आणि सकाळचेच पान मला वाचायला दिले. त्यातले एक अक्षर बदलायचे नव्हते, फक्त नीट मांडायचे होते.

मित्रांनो, मी एवढ्या जोरात कधी कामाला लागलो नव्हतो. उघडले, आत सरकलो. मिटले, बाहेर आलो. पहिली खाट, दुसरी खाट, तिसरी. आता एक गोष्ट सांगतो. मजकुराचा एखादा भाग पडद्यावर दिसू नये असे वाटले, तर त्याच्या दोन्ही टोकांना लपवायची खूण घालतात. खुणांमधल्या मजकुराची मी मोडतोड करत नाही, तो जसा असेल तसा सलग ठेवतो. म्हणून माझ्या आखीव, आखूड ओळींमधून एकच ओळ लांबलचक बाहेर आली, पार कागदाच्या कडेपर्यंत.

वहिनींची पट्टी तिथेच अडली. डॉक्टरीणबाईंना आणि साहेबांना भांडारात बोलावून त्यांनी ती ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. लपवायची खूण, मग अकराव्या खाटेचे औषध, नोंद संपली. पण खूण तिथे मिटली नव्हती. पुढे बारावी खाट, सुताराचे नाव, हे औषध देऊ नये, नोंद संपली. आणि मग खूण मिटली होती.

साहेबांनी कागदावर वाकून ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

"हे मी केलं," ते शेवटी म्हणाले. "अकराव्या खाटेचं औषध संपलं होतं. तेवढी एक नोंद हातानं लपवायला गेलो. त्या ओळीत कुठली नोंद कुठे संपते ते कळलं नाही. नोंद सकाळपासून होती, बाई खरं बोलतायत."

"मला नाही, त्यांना सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी वहिनींकडे वळून माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "मला खोटं ठरवलंत, त्याचं मी बघून घेईन. आधी वर जाऊन त्या सुतारांना सांगून या." आणि साहेब खरेच जिना चढून गेले. तेव्हापासून माझी कळ कोणी फिरवलेली नाही.

आता मी थकलो आहे. नव्या संगणकावर मी चालत नाही, म्हणून येत्या सोमवारी मला काढून टाकणार आहेत. खुशाल काढा. माझ्या जागी जो येईल तो माझ्यापेक्षा चपळ असेल, हेही मान्य. पण मोकळ्या जागा वाया घालवल्या म्हणून मी माफी मागणार नाही. त्या जागांत एका बाईंची सव्वीस वर्षे शाबूत राहिली.

म्हणून मित्रांनो, तुम्ही वही लिहा, पत्र लिहा की उद्या माझ्यासारखा एखादा प्रोग्रॅम लिहा, मागून वाचणाऱ्या माणसाची काळजी घ्या. त्याला तुमची चूक सापडली पाहिजे, आणि वेळेवर सापडली पाहिजे. ज्याला आपली चूक कोणालाच सापडू नये असे वाटते, त्याने खुशाल सगळे एका ओळीत लिहावे.